बोअरच्या पाण्याने डाळ शिजेना, गिझर करकर करतोय. सॉफ्टनर घ्यावा का? (पाथर्डी फाटा, नाशिक)

पाथर्डीफाटावाली:
नमस्कार मंडळी, दिवाळीनंतर आम्ही पंचवटीतलं भाड्याचं घर सोडून पाथर्डी फाट्याला स्वतःच्या फ्लॅटमध्ये आलो. महापालिकेचं पाणी येतं पण प्रेशर कमी, म्हणून सोसायटी बोअरचं पाणी त्याच टाकीत सोडते, आणि उन्हाळा लागल्यापासून तर जवळपास सगळं बोअरवरच चाललंय. बाथरूमच्या टाइल्स, नळ, काच सगळीकडे पांढरे डाग, घासून घासून हात दुखतात पण जात नाहीत. शॉवरची निम्मी भोकं बुजलीत. साबणाला फेस नाही, अंघोळ करून आलं की अंग ताणल्यासारखं होतं. केस नुसते राठ. सासूबाई म्हणतात शिकेकाई लाव, पण सकाळी ऑफिसच्या गडबडीत कुठे शिकेकाई उकळत बसू. तुरीची डाळ कितीही शिट्ट्या काढा, वरणात पाणी वेगळं आणि डाळ वेगळी. गिझर नवा कोरा आहे आणि तापताना आतून करकर आवाज येतो.

एका कंपनीचा माणूस डेमो द्यायला आला होता. दोन ग्लासांत सळ्या बुडवून करंट सोडला, त्याच्या पाण्याला काही झालं नाही आणि आमच्या पाण्यात काळाहिरवा गाळ वर आला, बघूनच मळमळलं. मग पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर लावला, ७०० च्या वर. म्हणे घराला सॉफ्टनर, म्हणजे जड पाणी मऊ करणारं मशीन, आणि किचनला आरओ दोन्ही घ्या. किंमत ऐकून यांनी चहा तसाच ठेवला. खरंच गरज आहे का? आणि हे पाणी पिऊन मुतखडा होतो का, घरात लहान मुलगा आहे म्हणून विचारते.

निवांत_सिडको:
तुरटी फिरवा ताई, आमच्या आजीच्या वेळेपासून तेच करतो, उगाच खर्च नको.

बॉयलरवाला_अंबड:
दादा, तुरटीने गढूळपणा खाली बसतो, विरघळलेले क्षार जात नाहीत. पावसाळ्यात नळाला माती आली तर तुरटी ठीक, इथे काही उपयोग नाही.

ताई, मी अंबड एमआयडीसीत बॉयलरवर आहे, पाण्याचा जडपणा तपासणं हे आमचं रोजचंच. आधी तो डेमो डोक्यातून काढा. त्या सळ्यांतली एक लोखंडाची असते, पाण्यात क्षार असले की करंट वाहतो आणि सळईच झिजून तिचा गाळ वर येतो. तो गाळ तुमच्या पाण्यात आधीपासून नव्हता. त्याच्या 'शुद्ध' ग्लासात चिमूटभर मीठ टाकायला सांगा, तिथेही तोच चिखल होईल. पुन्हा आला तर करून बघाच, चेहरा बघण्यासारखा होतो.

दुसरं, टीडीएस म्हणजे जडपणा नाही. टीडीएसमध्ये सगळेच क्षार आले, मीठसुद्धा. गिझर, साबण, डाळ यांना त्रास देतात ते कॅल्शियम आणि मॅग्नेशियम, त्याची टेस्ट वेगळी. लॅबमध्ये थेंब थेंब केमिकल टाकतात, लालसर रंगाचा निळा झाला की आकडा मिळतो. रिपोर्टवर 'टोटल हार्डनेस' बघा. भारतीय मानकात लिटरला २०० मिलिग्रॅम ही चांगली मर्यादा, दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या लॅबमध्ये पाणी तपासून मिळतं, खासगी लॅबही आहेत. नमुने दोन द्या, एक बोअरचा आणि एक महापालिकेच्या लाइनचा टाकीत पडण्याआधीचा. हे महत्त्वाचं आहे, कारण गंगापूर काय, मुकणे काय, दोन्ही धरणांत घाटाकडच्या पावसाचं पाणी येतं, ते बोअरच्या मानाने बरंच मऊ. आपल्याकडचा काळा पाषाण म्हणजे बेसॉल्ट, पाणी त्याच्या भेगांतून मुरताना कॅल्शियम मॅग्नेशियम घेऊन येतं, उन्हाळ्यात पातळी खाली गेली की बऱ्याच बोअरचं पाणी अजून जड होतं. म्हणजे तुमची सोसायटी चांगलं पाणी वाईट पाण्यात ओतते आणि मग प्रत्येक घर ते सुधारायला मशीन घेतं, हा काय प्रकार आहे?

गिझरचं म्हणाल तर पाणी तापलं की हे क्षार विरघळलेले राहत नाहीत, सरळ कॉइलवर बसतात. थराखाली पाणी अडकून उकळतं, त्याचाच तो करकर आवाज. थर्मोस्टॅट ५० च्या आसपास ठेवा, जितकं जास्त तापवाल तितका थर जास्त. वर्षातून एकदा उघडून साफ करून घ्या आणि आतला मॅग्नेशियमचा रॉड संपला असेल तर बदला, नाहीतर पुढे टाकीच गळते. आरओने यातलं काहीच सुटणार नाही, तो फक्त पिण्याच्या नळाला असतो आणि वर एवढं पाणी वाया घालवतो.

गोदाकाठची_सुगरण:
सासूबाईंचं ऐका हो! साबण जड पाण्यात फुटतो, त्याचा तो चिकट पांढरा थर अंगावर आणि केसांवर बसतो. शिकेकाई रिठ्याचं तसं होत नाही. वेळ नसेल तर शाम्पू चालेल, पण अंगाच्या साबणाऐवजी बॉडीवॉश वापरून बघा, मोठा फरक पडतो. कपड्यांनाही वडीपेक्षा लिक्विड बरं.

डाळीसाठी पिण्याचंच पाणी घ्या आणि आधी तासभर भिजत घाला. मीठ, चिंच, आमसूल, टोमॅटो काहीही डाळ शिजायच्या आत टाकू नका. अगदीच नडलं तर चिमूटभर खायचा सोडा, जास्त टाकलात तर चव जाते. पाणी उकळून रात्रभर ठेवलं तरी थोडा क्षार तळाला बसतो, सकाळी वरचं अलगद ओतून घ्यायचं. सगळा जात नाही, पण चहावरचा तो तवंग कमी होतो.

शॉवरला व्हिनेगर भरलेली पिशवी रात्रभर बांधून ठेवा. नळाला सायट्रिक ॲसिडचं पाणी लावा, किराणा दुकानात लिंबूफूल म्हणून मिळतं. पण ओटा किंवा फरशी कडप्पा, कोटा, संगमरवर असेल तर तिथे थेंबही पडू देऊ नका, दगडच खातं ते. आणि संडासचं ॲसिड नळावर अजिबात नको, चमक उडाली की परत येत नाही.

दिंडोरीचा_बागायतदार:
आम्ही द्राक्षवाले हे कायमच भोगतो बघा. ठिबकचे ड्रिपर क्षाराने बुजतात म्हणून ॲसिड सोडावं लागतं, फवारणीला पाण्याचा पीएच उतरवल्याशिवाय काही औषधं नीट कामच करत नाहीत. तुमच्यासाठी एकच सांगतो, सॉफ्टनर घेतला तर तो मिठाने धुतल्यावर जे पाणी निघतं ते झाडांना घालू नका. मऊ केलेलं पाणीसुद्धा कुंड्यांना नको, त्यात सोडियम येतं, माती घट्ट होते. तुळस आधी जाईल.

पाथर्डीफाटावाली:
बापरे एवढी माहिती! लिंबूफूल आजच आणते. ओटा ग्रॅनाइट आहे, पण बाल्कनीत कोटा आहे, बरं झालं सांगितलंत. मुतखड्याचं मात्र कोणीच बोललं नाही. आणि बॉयलरवाले काका, मग सॉफ्टनर घ्यायचाच नाही का?

बॉयलरवाला_अंबड:
मी डॉक्टर नाही, पण नुसत्या जड पाण्याने खडा होतो हे पक्कं सिद्ध झालेलं नाही, आणि जागतिक आरोग्य संघटनेनेही आरोग्यासाठी जडपणाची मर्यादा घातलेली नाही. पाणी कमी पिणं जास्त नडतं. घरात कोणाला आधी खडा झालेला असेल तर डॉक्टरांना विचारा.

सॉफ्टनर वाईट नाही. त्यातलं रेझिन कॅल्शियम मॅग्नेशियम धरून ठेवतं आणि बदल्यात सोडियम सोडतं, म्हणून ते मिठाने धुवावं लागतं. सगळी तीच अदलाबदल असल्याने टीडीएस कमी होत नाही, मीटर लावून 'फसवलं' म्हणू नका. ३०० जडपणाचं पाणी पूर्ण मऊ केलं तर लिटरमागे साधारण १३८ मिलिग्रॅम सोडियम वाढतं, घरात बीपीवालं कोणी असेल तर किचनचा नळ त्याच्या बाहेर ठेवा.

पण मी तुमच्या जागी असतो तर आधी सोसायटीच्या मीटिंगमध्ये दोन्ही रिपोर्ट घेऊन गेलो असतो. टाकीला मधे भिंत घाला, महापालिकेचं पाणी किचन आणि बाथरूमला, बोअरचं फ्लश आणि पार्किंग धुवायला. प्लंबिंगचा खर्च सगळ्यांत वाटला जातो, तो प्रत्येक घरातल्या मशीनपेक्षा बहुतेक कमीच पडेल. महापालिकेचं पाणी तेवढ्याला पुरतच नसेल तर मग बोअरच्या लाइनवर सोसायटीचा एकच मोठा सॉफ्टनर.

निवांत_सिडको:
टाकीला भिंत घालायची तर चेअरमन म्हणेल आधी मेंटेनन्सची थकबाकी भरा 😄

पाथर्डीफाटावाली:
चेअरमन आमच्याच मजल्यावर राहतात आणि त्यांचा गिझर गेल्या महिन्यात गेलाय. मीटिंग रविवारी आहे, त्याआधी दोन्ही बाटल्या लॅबला देऊन येते.