गिगाबिट राउटर घरी बांधताय? जुना ऑफिस पीसी घेऊ नका

खारवारा (शिवोली):
गिगाबिट फायबर घेतल्यावर स्वतःचा राउटर-फायरवॉल बांधायचा म्हटलं की सल्ला ठरलेला असतो. ऑफिसातून निघालेला जुना पीसी घ्या, त्यात दोन पोर्टांचं लॅन कार्ड टाका, झालं काम. मी हे दोन वर्षं करून पाहिलं. आता ठामपणे सांगतो, किनाऱ्याजवळ राहणाऱ्याने हे करू नये.

रात्रंदिवस चालणाऱ्या यंत्राला पंखा असला की तो खारी, दमट हवा आत ओढतच राहतो. दुसऱ्या पावसाळ्यात माझ्या कार्डाच्या पत्र्याला गंज चढला, आणि रॅम काढून, पुसून पुन्हा बसवल्याशिवाय मशीन चालू होईना. त्या आठवड्यात घरात दोघांचं काम घरूनच चालू होतं.

शिवाय वीज. माझा पीसी नुसता बसून ३० वॅट घेत होता. आताचा बिनपंख्याचा, इंटेलच्या एन१०० प्रोसेसरचा मिनी पीसी ११ वॅट घेतो. फरक १९ वॅटचा, म्हणजे वर्षाला साधारण १६६ युनिट. पण बिलापेक्षा मला महत्त्वाचं वाटतं ते हे: मिनी पीसी १२ व्होल्टवर चालतो, माझी ओएनटी, म्हणजे फायबर जिथे येऊन जोडलं जातं ती पेटी, तीही १२ व्होल्टचीच. लाईट गेली की दोन्ही एकाच छोट्या डीसी यूपीएसवर चालू राहतात. इंटेलच्या आय२२६ चिपचे चार लॅन पोर्ट आहेत, वर ओपीएनसेन्स हे फायरवॉलचं सॉफ्टवेअर. याहून जास्त काय हवं?

कुळागर (सावईवेरे):
बाब, तुमचा अनुभव खारेपाटावरचा. आमच्याकडे खारं वारं पोचत नाही, इथे मुख्य त्रास विजांचा. मे महिन्यात गडगडाट सुरू झाला की काय जळेल सांगता येत नाही. फायबरची काच वीज वाहत नाही हे खरं, पण गच्चीवरच्या कॅमेऱ्याची तांब्याची लॅन केबल वाहते. गेल्या साली त्याच वाटेने माझा एक पोर्ट मेला. जुना पीसी होता म्हणून कार्ड बदलून त्याच संध्याकाळी नेट चालू केलं. तुमच्या मिनी पीसीत चारही पोर्ट बोर्डावर जोडलेले. एक गेला तर उरलेल्यांवर भागवायचं, बोर्डच गेला तर सगळं गेलं.

एसएमपीएस (पीसीला वीज देणारा डबा), रॅम, पंखा म्हापशात, फोंड्यात कुठेही मिळतं. आणि दुसरी गोष्ट मला जास्त टोचते. ज्याच्यावर घराची सुरक्षा सोपवायची, त्याचं बायॉस (यंत्र सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) कोणी लिहिलं हे ठाऊक नाही आणि पुढे अपडेट येणार नाही, असं यंत्र फायरवॉल म्हणून का घ्यावं? ऑफिसच्या पीसींना मोठ्या कंपन्यांची बायॉस अपडेट्स निदान काही वर्षं तरी मिळालेली असतात.

वीज जाण्याचं म्हणाल, तर घरात इन्व्हर्टर असतोच. १२ व्होल्ट, १५० एएचची बॅटरी म्हणजे १८०० वॅट-तास. त्यात ३० वॅटने काय बिघडतं?

खारवारा:
बायॉसचा मुद्दा मान्य, त्यावर माझ्याकडे पुरं उत्तर नाही. इन्व्हर्टरचा नाही. आमच्याकडे लाईट जून-जुलैत सहा-सहा तास गेलेली आहे, तेव्हा ती बॅटरी पंखे, दिवे आणि आईच्या नेब्युलायझरसाठी राखावी लागते. इंटरनेटने त्यात वाटा मागू नये.

माटोळी:
तुम्ही दोघं वेगाबद्दल बोललाच नाहीत, आणि बहुतेक माणसं फसतात ती तिथेच. कनेक्शन पीपीपीओईचं, म्हणजे राउटरने युजरनेम-पासवर्ड देऊन लॉगिन करायचं आहे की नाही हे आधी बघा. फ्रीबीएसडीवर (ओपीएनसेन्स आणि त्याच्यासारखंच पीएफसेन्स ज्यावर चालतात ती प्रणाली) पीपीपीओईची सगळी येणारी डेटाची पाकिटं बराच काळ एकाच रांगेत, म्हणजे एकाच कोअरवर पडत आली आहेत. एपीयू२ हा राउटरसाठीचा छोटा बोर्ड आठवतो? चार कोअर, पण प्रत्येक १ गिगाहर्ट्झचा. त्याच्यावर पीएफसेन्सने पीपीपीओईवरून पूर्ण गिगाबिट काढताना दमछाक व्हायची, उरलेले तीन कोअर मोकळे असूनही. म्हणून कोअर मोजू नका, एका कोअरची ताकद बघा. एन१०० चा कोअर ३.४ गिगाहर्ट्झपर्यंत जातो, जुन्या ऑफिस पीसीतला आय५-६५०० सुद्धा ३.६ पर्यंत. या कामाला दोन्ही पुरेसे. पीएफसेन्सच्या २.८ मध्ये, २०२५ साली, पीपीपीओईचा नवा ड्रायव्हर आला, त्यामुळे हे दुखणं आणखी कमी झालं. लिनक्सवरचं ओपनडब्ल्यूआरटी हे राउटरचं सॉफ्टवेअर घेतलं तर गणित आणखी वेगळं.

पैसे घालायचे तर पोर्टांच्या चिपवर घाला. रिअलटेकच्या चिपांनी फ्रीबीएसडीवर जोरात चालताना मला फार रडवलं आहे. आणि कुळागर, इंटेलचं वापरलेलं आय३५० लॅन कार्ड घेताना नीट पारखून घ्या, बाजारात नकली पुष्कळ आहेत.

पाटाचं पाणी (डिचोली):
मला दोन्ही नको वाटतात. एमटी७६२१ चिपचा साधा राउटर, त्यावर ओपनडब्ल्यूआरटी. हार्डवेअर ऑफलोड (पाकिटं सीपीयूऐवजी चिपमधला वेगळा भाग पुढे पाठवतो) चालू केलं की तो गिगाबिट सहज पाठवतो. तेच नॅट (एकच बाहेरचा पत्ता घरभर वाटणं), तेच नियम. चतुर्थीला घरात पंचवीस माणसं आली होती, तरी कोणी तक्रार केली नाही. ४-५ वॅटच्या कामासाठी पीसी कशाला?

माटोळी:
ऑफलोड चालू असेपर्यंत बरोबर. एसक्यूएम (एकाच्या डाउनलोडने बाकीचे अडू नयेत म्हणून रांग सांभाळणारं) लावलं की पाकिटं पुन्हा सीपीयूतून जाणार आणि ती चिप गिगाबिटच्या जवळपासही पोचणार नाही. वायरगार्ड या व्हीपीएनचंही (बाहेरून घरच्या नेटवर्कात येण्याची सुरक्षित वाट) तसंच. पण या दोन्ही गोष्टी नको असतील तर मीही हाच सल्ला देईन.

खारवारा:
मला वायरगार्ड हवाच आहे, बहीण पुण्याहून घरचे कॅमेरे बघते. सुरिकाटा, म्हणजे वाहतुकीत हल्ले शोधणारं सॉफ्टवेअर, मात्र काढून टाकलं. घरातली जवळजवळ सगळी वाहतूक एचटीटीपीएस, म्हणजे कुलूपबंद, त्याला आतला मजकूर दिसतच नाही, सीपीयू मात्र तापतो.

कुळागर:
ते चांगलं केलंत. एकच सांगतो. छोट्या डीसी यूपीएसमध्ये तीसेक वॅट-तासच असतात. ११ वॅट मिनी पीसी, ५ ओएनटी, वर थोडा ऱ्हास, म्हणजे दीडेक तास. सहा तासांची लाईट गेली तर पुढचे साडेचार तास काय? आणि चालू होताना मिनी पीसी एकदम जास्त ओढतो, २ अँपिअरचा यूपीएस तिथे पडतो का, तेही मोजून सांगा.

खारवारा:
हे मी मोजलेलं नाही. शनिवारी मेन स्विच बंद करून घड्याळ लावतो, आकडे इथेच टाकतो. १२ व्होल्टची मोठी लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी कोणी ओएनटीला जोडली असेल तर तिचं चार्जिंग कसं केलंत ते लिहा.