शब्दचर्चा : ‘फड’ आणि ‘थारोळे’

‘उसाचा फड’ म्हटले की आज बहुतेकांच्या डोळ्यांसमोर तोडणीला आलेला ऊस येतो; परंतु धुळे-नाशिक भागात, पांझरा आणि मोसम या नद्यांच्या काठी, हा शब्द अधिक नेमक्या अर्थाने वापरला जातो. नदीवरच्या बंधाऱ्यातून निघालेल्या पाटाखालचे क्षेत्र तेथे साधारणपणे तीन-चार भागांत विभागलेले असते. त्यातला प्रत्येक भाग म्हणजे एक फड, आणि फडातल्या जमिनी अनेकांच्या असल्या तरी पीक मात्र सर्वांचे एकच. यंदा ज्या फडात ऊस, तेथे पुढे फेरपालटाने दुसरे पीक. शेतकऱ्याची थोडीथोडी जमीन निरनिराळ्या फडांत असल्यामुळे उसाचा लाभ किंवा पाण्याची ओढ कुणा एकाच्याच वाट्याला येत नाही. पाणी सर्वांनी ठरवून वाटायचे आणि पाटकऱ्याने ते पाळीप्रमाणे द्यायचे, हा शेजाऱ्याशेजाऱ्यांमधला करार या दोन अक्षरी शब्दात सामावलेला आहे. कुस्तीचा आणि तमाशाचा फड यांतही अनेकांनी एकत्र जमणे आहेच, म्हणून हे अर्थ मला एकमेकांचे सोयरे वाटतात.

‘थारोळे’ या शब्दाची गत वेगळी झाली. बैल धावेवरून, म्हणजे विहिरीजवळच्या उतारावरून, उतरू लागले की नाड्याला (जाड दोराला) बांधलेली मोट, म्हणजे पाणी उपसायची चामडी पिशवी, वर येई, सोंदुराने (बारीक दोरीने) ओढून धरलेली तिची सोंड पुढे येऊन मोकळी होई आणि पाणी धो धो कोसळे ते थारोळ्यात. तेथून पुढे पाटाला. मोट गेली आणि शब्द उरला तो ‘रक्ताच्या थारोळ्यात’ एवढ्यापुरता.

अशा शब्दांवरून शेतीचा इतिहास शोधताना एक पथ्य पाळायला हवे. घोड नदीकाठच्या इनामगावच्या उत्खननात ताम्रपाषाणयुगीन बांध आणि पाण्याचा चर सापडला, तेथे सातू पिकत असे, म्हणजे आपल्याकडे पाणी वळवून शेती करण्याची रीत ३,००० वर्षांहून जुनी आहे. मात्र एवढ्यावरून ‘पाट’ किंवा ‘फड’ हे शब्दही तितकेच जुने ठरत नाहीत.

पंप आले तरी वाफ्याला पाणी देताना ‘दारे धरणे’ टिकून आहे. आपल्या गावी यासाठी कोणता शब्द आहे, आणि थारोळ्याला मूळ अर्थाने दुसरे काही नाव होते का, हे जाणकारांनी अवश्य लिहावे.