माळेचं दुसरं टोक

आर्केड गेमसाठी बटणं-जॉयस्टिकचा कंट्रोल पॅनल बनवताना ‘भोकं आधी पाडा, वायरिंगचं मग बघू’ असं काही जण सांगतात, ते मला पटलं नाही. ३० मिमीची बटणं वरून सुटसुटीत दिसतात, पण खाली जॉयस्टिकची पत्र्याची प्लेट येते. मी पुठ्ठ्यावर मांडणी करून दोन दिवस नुसते हात ठेवून बघितले, तरी प्लेटचा कोपरा एका बटणाच्या नटाला नडलाच. मग बसलो कानस घेऊन!

ग्राउंडचा, म्हणजे सगळ्या बटणांच्या सामाईक परतीच्या वायरचा, विषय मात्र कुणीच काढत नाही. मी आठही बटणांची एकेक पिन एकाच काळ्या वायरने माळेसारखी जोडली होती. तिसऱ्या बटणाच्या पिनेतून पुढची वायर निसटली आणि पुढची पाचही बटणं गार. आता माळेचं शेवटचं टोकही एन्कोडरच्या (बटणांचे सिग्नल कॉम्प्युटरला देणाऱ्या बोर्डाच्या) ग्राउंडला परत नेलंय. मध्ये कुठे वायर सुटली तरी दुसऱ्या बाजूने काम चालतं. खर्च वीतभर वायरचा.