‘राजाचे नवे कपडे’मधलं ते पोर मूळ हस्तलिखितात नव्हतंच

डॅनिश लेखक हान्स क्रिश्चन अँडरसनने, जर्मन लोककथा गोळा करणाऱ्या ग्रिम बंधूंसारख्या, ऐकीव लोककथा उतरवून काढल्या, हे म्हणणं काही कथांपुरतं ठीक. ‘राजाचे नवे कपडे’ला मात्र ते लावू नका. तिचं मूळ १४व्या शतकातल्या स्पॅनिश कथेत आहे, जी त्याने जर्मन भाषांतरात वाचली. तिथे राजाला फसवणारे ठग विणत असल्याचं सोंग करतात, ते ‘जादूचं’ कापड म्हणे अनौरस माणसाला दिसत नाही. अँडरसनने ते ‘मूर्खाला किंवा पदाला नालायक असलेल्याला’ असं केलं, म्हणून तर प्रधानसुद्धा रिकाम्या मागापुढे उभा राहून वाहवा करतो.

शेवटातलं पोर तर अँडरसनचंच. हस्तलिखितात लोक कौतुक करतात, राजा दर मिरवणुकीत हाच पोशाख घालायचं ठरवतो, संपलं! मजकूर छापखान्यात गेल्यावर, प्रुफांच्या वेळी त्याने तो बदलला आणि ‘पण त्याच्या अंगावर काहीच नाही!’ म्हणणारं पोर आलं. एप्रिल १८३७च्या पुस्तिकेत, ‘छोटी जलपरी’सोबत, छापलं गेलं ते हेच रूप.