दिवसभर इतरांच्या कॉमिक्सचे संपादन केल्यावर स्वतःची कथा कशी लिहावी?

रिकामी चौकट:

नमस्कार. मी पुण्यात राहते आणि कोणाच्याही नोकरीत न राहता घरून कॉमिक्सचे संपादन करते. माझ्याकडे दोन प्रकारची कामे येतात. एक म्हणजे नव्या कॉमिक्सचे पटकथेपासून छपाईच्या फायलीपर्यंतचे संपादन, आणि दुसरे म्हणजे इंग्रजीत किंवा हिंदीत आधीच निघालेल्या कॉमिक्सच्या मराठी आवृत्तीचे. याखेरीज मला कथा लिहायच्या आहेत, चित्रकथा नव्हे, निव्वळ गद्य कथा. त्यासाठी वेळ राखून ठेवूनही त्या लिहून होत नाहीत, आणि अडचण केवळ वेळेची नसावी असा मला संशय आहे, म्हणून जरा सविस्तर विचारते.

माझा सकाळचा वेळ चित्रांच्या पानांवर जातो, कारण बहुतेक चित्रकार रात्री काम करतात आणि पेन्सिलची पाने पहाटे पाठवून झोपी जातात. आधी बोलणारी व्यक्ती चौकटीत डावीकडे उभी आहे का, आणि नसल्यास संवादांच्या फुग्यांच्या, बोलणाऱ्याकडे रोखलेल्या शेपट्या एकमेकींना न छेदता फुग्यांचा क्रम लावता येईल का, हे पाहावे लागते. मागच्या चौकटीत उजव्या हातात असलेला कंदील या चौकटीत डाव्या हातात कसा गेला, हे विचारावे लागते. वाचकाला ज्या दृश्याने दचकवायचे आहे ते पान उलटल्यावर डावीकडे येते, की समोरच्याच उजव्या पानावर येऊन आधीच डोळ्यांत भरते, हेही बघावे लागते. ही चूक पेन्सिलीच्या टप्प्यावर सापडली तर चित्रकार कुरकुरतो. रंग भरून झाल्यावर सापडली तर भांडतो, आणि त्याचे बरोबरही असते.

दुपारी मराठी आवृत्त्यांचे काम असते. फुगे इंग्रजीच्या मोठ्या लिपीतील अक्षरांच्या मापाने काढलेले असतात. मराठीत अक्षराच्या डोक्यावर मात्रा आणि वेलांट्या, पायाशी उकार, त्यामुळे ओळींमध्ये अधिक अंतर लागते आणि जिथे इंग्रजीच्या चार ओळी बसत तिथे आपल्या तीनच बसतात. एकच वाक्य दोन फुग्यांत तोडायचे असेल तर क्रियापद शेवटी येत असल्यामुळे, मूळ लेखकाने दुसऱ्या फुग्यासाठी राखून ठेवलेला धक्का बरेचदा पहिल्याच फुग्यात फुटतो. तोंड झाकलेला मारेकरी पुरुष आहे की बाई, हे इंग्रजीत शेवटच्या पानापर्यंत लपवता येते. मराठीत त्याने ‘मी आलो’ म्हणताच रहस्य संपते, म्हणून त्याचे सगळे संवाद नव्याने बांधावे लागतात. या कामात मला मनापासून आनंद मिळतो, हे मुद्दाम सांगते, कारण मी त्याला कंटाळले आहे असा कोणाचा समज होऊ नये.

संध्याकाळ बिले, स्मरणपत्रे आणि लेखकांना द्यायच्या टिपणांत जाते. त्यानंतर, जेवण झाल्यावर, मी कथा लिहायला बसते, आणि लिहिलेले प्रत्येक वाक्य पुढचे सुचण्याआधीच छाटले जाते. ‘हे लिहू नका, चित्रात दिसेल’ असा शेरा मी दिवसभर इतरांच्या पटकथांवर देत असते. त्याचा परिणाम असा झाला आहे की माझ्या स्वतःच्या कथेतले अंगण, अंगणातला माणूस आणि त्याच्या अंगावरचा सदरा हे सगळेच मला अनावश्यक वाटू लागते. शेवटी उरतात ते फक्त संवाद. एका मैत्रिणीने कथा वाचून विचारले की ही माणसे नक्की कुठे उभी आहेत, तेव्हा मला उत्तर ठाऊक होते, पण ते कागदावर कुठेच नव्हते.

तेव्हा विचारायचे ते असे, की लेखनाची वेळ बदलल्याने यात फरक पडेल का, कामे कमी करणे हाच मार्ग आहे का, की या व्यवसायामुळे गद्याचा हातच बिघडतो?

जुनी शाई:

मी अनेक वर्षे दिवाळी अंकांसाठी आलेल्या कथा वाचण्याचे आणि निवडण्याचे काम केले आहे, त्या अनुभवावरून लिहितो. संपादन केल्याने लेखणी वाळते, हा समज आपल्याकडे फार जुना आहे, पण तो सरसकट खरा नाही. पु. शि. रेगे यांनी ‘छंद’ हे नियतकालिक चालवले आणि त्याच माणसाने कविता व कादंबऱ्याही लिहिल्या. उलट राम पटवर्धनांसारखे ‘सत्यकथा’ मासिकाचे संपादक इतरांच्या कथांवर बारकाईने काम करण्यासाठीच प्रामुख्याने ओळखले गेले, आणि त्यात काही उणे आहे असे मला वाटत नाही. संपादकाने लिहिलेच पाहिजे असे नसते, पण तुम्हाला लिहायचे आहे, म्हणून पुढचे सुचवतो.

तुमच्या टिपणात एक गोष्ट तुमच्या स्वतःच्या नजरेतून सुटली आहे असे वाटते. कॉमिक्सच्या पटकथेत संवादांच्या जोडीला प्रत्येक चौकटीचे वर्णन असते, आणि ते चित्रकार सोडून कोणीही वाचत नाही. प्रकाश कोणत्या बाजूने येतो, खोलीत आणखी कोण आहे, माणूस दारात थबकला आहे की आत येऊन उभा राहिला आहे, हे सगळे त्यात लिहिलेले असते, आणि ते अपुरे असेल तर तुम्हीच लेखकाला परत विचारता. म्हणजे वर्णनाची तुमची समज शाबूत आहे. ती फक्त दुसऱ्याच्या वहीत खर्च होते आहे. तुम्ही कथेचा पहिला खर्डा एखाद्या अत्यंत चौकस चित्रकाराला लिहिलेल्या पत्रासारखा लिहून पाहा. त्याने विचारले असते ते प्रत्येक उत्तर त्यात द्या आणि संवाद तात्पुरते बाजूला ठेवा. छाटणी दुसऱ्या खर्ड्यात करता येते, आणि ती तुम्हाला कोणी शिकवण्याची गरज नाही.

वेळेविषयी म्हणाल तर, रात्री लिहू नये. दिवसभर दोष शोधून थकलेल्या डोळ्यांना रात्री दोषच दिसतात. चित्रांची पाने सकाळी येत असली तरी ती उघडलीच पाहिजेत असा काही दंडक नाही. चित्रकार तर तेव्हा झोपलेला असतो.

रेषाळ:

मी चित्रकार आहे, वेताळाच्या, म्हणजे इंग्रजीतल्या फँटमच्या, मराठी कॉमिक्सवर वाढलेल्या पिढीतला, आणि पहाटे पाने पाठवून झोपणाऱ्यांपैकीच. जुनी शाई यांच्या सूचनेशी मी अर्धाच सहमत आहे. चित्रकाराला लिहिलेले वर्णन कितीही सविस्तर असले तरी ते एका थिजलेल्या क्षणाचे वर्णन असते, कारण मला चौकटीत एकच क्षण काढता येतो. ‘तो दार उघडतो, चपला काढतो आणि आईकडे न बघता आत जातो’ असे पटकथेत आले की मी लेखकाला विचारतो, यातले नेमके काय काढू? त्या सवयीने कथा लिहिली तर ती चित्रांच्या मालिकेसारखी होईल. मैत्रिणीला माणसे कुठे उभी आहेत ते कळेल, पण कथा पुढे सरकणार नाही.

माझ्या मते तुम्ही उलट दिशेने जावे आणि जे मला काढताच येत नाही ते आधी लिहावे. ‘तो दर गुरुवारी येई, ओट्यावर बसे आणि पैशांचा विषय काढण्याआधी पावसाची चौकशी करी’ हे मी कसे काढू? एक गुरुवार काढीन, फार तर तीन गुरुवार तीन चौकटींत काढीन, पण वर्षानुवर्षे चाललेली ती रीत आणि तिचा घरातल्या माणसांना आलेला वीट मला काढता येणार नाही. वास, मनातल्या मनात दिलेले उत्तर, जे घडू शकले असते पण घडले नाही, एखाद्या गावाविषयीची ऐकीव माहिती, हे सगळे गद्याच्या मालकीचे आहे. तुमचा शेरा ‘चित्रात दिसेल’ असा असतो ना? मग तोच शेरा कथेवर चाळणी म्हणून वापरा. जे चित्रात दिसेल ते थोडक्यात आणि जे दिसणार नाही ते ऐसपैस लिहा.

(अवांतर: कंदिलाच्या हाताची चूक पेन्सिलीत पकडणारे संपादक आम्हाला आवडतात. कुरकुर आम्ही सवयीने करतो.)

खतावणी:

वरची चर्चा कलेची आहे, ती मला कळते असा माझा दावा नाही. मी लेखक-चित्रकारांचे हिशेब आणि करार पाहतो. कामे कमी करावीत का, या प्रश्नाला मात्र दोन व्यावहारिक बाजू आहेत आणि त्यांच्यावर कोणी बोलले नाही.

माझ्या अनुभवात स्वतंत्रपणे काम करणारी माणसे जास्तीची कामे घेतात ती लोभाने नव्हे, तर आधीच्या कामाचे पैसे कधी येतील याची खात्री नसते म्हणून. तुम्ही केंद्र सरकारच्या संकेतस्थळावर उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योग म्हणून नोंदणी, केलेली नसेल तर ती करून घ्या. ती विनामूल्य आहे. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ नुसार नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उद्योगाला, म्हणजे सेवा देणाऱ्या एकट्या व्यक्तीलाही, लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि मुदत ठरलेली नसेल तर १५ दिवसांत पैसे मिळायला हवेत. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागू होते. प्रत्येक प्रकाशकाकडे व्याज मागत बसावे असे मी सुचवत नाही, कारण त्यामुळे पुढचे काम जाऊ शकते. पण बिलावर नोंदणी क्रमांक आणि ही मुदत छापलेली असली की हिशेब खाते ते बिल सहसा तळाशी ठेवत नाही. पैशांची तारीख ठाऊक असेल तर महिन्यातला एक आठवडा कथेसाठी मोकळा ठेवण्याचे धाडस करता येते.

दुसरी बाजू अधिक महत्त्वाची आहे. तुमच्या संपादनाच्या करारात ‘या काळात निर्माण केलेले सर्व लेखन प्रकाशकाच्या मालकीचे राहील’ अशा अर्थाचे कलम आहे का, ते पाहा. प्रताधिकार अधिनियम, १९५७ नुसार नोकरीबाहेरच्या लेखनाचा पहिला धनी सर्वसाधारणपणे लेखकच असतो आणि हक्काचे हस्तांतरण लेखी व सहीनिशी असावे लागते. हस्तांतरणाच्या करारात मुदत दिलेली नसेल तर ती पाच वर्षे आणि प्रदेश दिलेला नसेल तर तो भारतापुरता धरला जातो. परंतु भविष्यात लिहिल्या जाणाऱ्या कृतींचे हक्कही आगाऊ लिहून देता येतात, आणि सरसकट शब्दांत लिहिलेल्या कलमातून तुमच्या रात्रीच्या कथेवरही वाद उपस्थित होऊ शकतो. करारासोबत कामांची यादी जोडावी आणि हस्तांतरण त्या यादीपुरतेच आहे असे स्पष्ट लिहून घ्यावे. बहुतेक प्रकाशक याला हरकत घेत नाहीत, कारण तुमच्या कथांत त्यांना मुळात रस नसतो.

श्रुतिका:

सर्वांनी संवाद हा दोष मानून उपाय सुचवले आहेत, याचे मला आश्चर्य वाटते. केवळ संवादांवर उभे राहणारे लेखन मराठीत परके नाही. एकांकिका आणि आकाशवाणीची श्रुतिका हे दोन्ही प्रकार त्यावरच चालतात, आणि श्रुतिकेत तर माणसे कुठे उभी आहेत हे फक्त बोलण्यातून आणि आवाजाच्या अंतरावरूनच कळते. वर्णन जमत नाही म्हणून स्वतःला दुरुस्त करत बसण्यापेक्षा, अंगणाची जाणीव संवादातून करून देणारी एखादी कथा लिहून पाहावी. ‘पायरी सांभाळ, ओली आहे’ एवढ्या वाक्यात पायरी आली, पाणी आले, आणि बोलणाऱ्याची माया किंवा उपकार दाखवण्याची खोड, जे काही असेल ते आले.

रिकामी चौकट:

सर्वांचे आभार. जुनी शाई आणि रेषाळ यांच्या सूचना परस्परविरोधी वाटल्या तरी माझ्या कथेच्या दोन वेगळ्या जागी त्या लागू पडतात. माझी माणसे कुठे उभी आहेत हे वाचकाला कळत नाही, ही पहिली उणीव आहे, आणि ती कधीपासून तिथे उभी राहत आली आहेत हे मी लिहिलेलेच नाही, ही दुसरी. ‘येई, बसे, करी’ अशा रूपांचे वाक्य मी माझ्या कथांत शोधून पाहिले. एकही सापडले नाही, आणि फुग्यांत तशी रूपे क्वचितच येत असल्यामुळे त्याचे नवल वाटले नाही.

श्रुतिका, तुमचे म्हणणे मोहात पाडणारे आहे, पण मला जे जमते तेच पुन्हा करण्याची ती सबब होईल अशी भीती वाटते. पायरीचे वाक्य मात्र उत्तम आहे. खतावणी, करार काढून पाहिला. त्यात तुम्ही म्हणता तसे सरसकट कलम आहे, आणि नूतनीकरणाच्या वेळी यादी जोडण्याविषयी मी आजच पत्र लिहिले.

जुनी शाई यांना एक शेवटचा प्रश्न विचारते. यंदा एखाद्या दिवाळी अंकाकडे कथा पाठवायची असेल तर ती कधीपर्यंत पोहोचायला हवी, आणि नवख्या लेखकाने सोबतच्या पत्रात आपल्या व्यवसायाचा उल्लेख करावा का?

जुनी शाई:

प्रत्येक अंकाची तारीख वेगळी असते, पण जुलैअखेर कथा पोहोचली तर ती निवांतपणे वाचली जाण्याची शक्यता राहते. ऑगस्टच्या मध्यानंतर जाहिराती, मुखपृष्ठ आणि छपाईची घाई सुरू होते आणि नवख्या लेखकाची कथा आधी मागे पडते. एकच कथा एकाच वेळी दोन अंकांना पाठवू नये. अंकाने शब्दमर्यादा दिली असेल तर ती पाळावी, कारण पानांचा हिशेब आधीच झालेला असतो. व्यवसायाचा उल्लेख एका ओळीत जरूर करा, पण कथेविषयी काहीही समजावून सांगू नका. आणि कथा युनिकोड फाँटमध्येच पाठवा. जुन्या फाँटमधली फाइल रूपांतरित करताना जोडाक्षरे कशी फुटतात ते तुम्हाला आमच्यापेक्षा अधिक ठाऊक असेल.