काही सुधरंना, त्याला काय म्हणायचं?

प्रश्न :
रुग्णांसाठीच्या एका पुस्तिकेचं मराठी करतेय. कोविडनंतर बरेच लोक ‘ब्रेन फॉग’ची तक्रार करायला लागले. वाचलेलं डोक्यात शिरत नाही, बोलता बोलता शब्द सापडत नाही, स्वयंपाकघरात कशाला आलो तेच आठवत नाही. याला काय म्हणू? ‘मेंदूतील धुके’ लिहिलं आणि खोडलं. ‘संभ्रम’ म्हटलं तर हे करू की ते करू असं वाटतं. तुमच्याकडे बोलताना काय म्हणतात?

परभणीहून :
खोडलंत ते बरं केलंत. आमच्याकडं धुक्याला धुई म्हणतात, आणि तूर फुलावर असताना धुई पडली की फूल गळतं. त्यामुळं ‘डोक्यात धुई’ म्हटलं तर माणूस आधी शेताकडंच बघंल.

तुम्ही सांगताय त्याला नेमका शब्द आमच्या घरात रोज वापरात आहे: सुधरंना. मागं आई तापातून उठली तेव्हाची गोष्ट. दळणाचा डबा घेऊन देवघरात उभी. म्हटलं, काय करायलीस? तर म्हणाली, ‘काय की बाप्पा, गिरणीत निघाले होते.’ दवाखान्यात नेलं. डॉक्टर नवे, बाहेरच्या भागातले. आई त्यांना म्हणाली, ‘सायेब, मला काहीच सुधरंना गेलंय.’ त्यांनी मान हलवली आणि गोळ्या बदलून दिल्या. चपला घालताना माझ्या ध्यानात आलं की त्यांनी ‘तब्येत सुधरत नाही’ असं ऐकलं. परत आत गेलो, डब्याची गोष्ट सांगितली. मग त्यांनी चिठ्ठी बाजूला ठेवून आईला नीट विचारायला सुरुवात केली.

हे सुधरणं म्हणजे सुधारणं नव्हे. अंधारात पाय कुठं ठेवावा सुधरत नाही, मोठ्या शहरात उतरल्यावर कुठं जावं सुधरत नाही. माझ्या कानाला त्यात ‘सुधबुध’मधली सुध ऐकू येते. बहुतेक वेळा नकारातच वापरतात. सुधरतंय तोवर कोण कशाला सांगायला जातं!

बाकीचे शब्द आहेत, पण जपून घ्या. वेंधळा, धांदरट, बावळट हे माणसालाच चिकटतात. तक्रार घेऊन आलेल्याला ते लावले तर तो उठून जाईल. गांगरणं, भांबावणं, बावचळणं याला समोर काहीतरी घडावं लागतं, आणि ते घटकाभराचं असतं. भंजाळणं वेगळं. एकाच दिवसात सातबारा, फेरफार आणि पीकविमा करून बघा, म्हणजे कळंल. तिथं डोक्यात फार शिरलेलं असतं. आईच्या डोक्यात काही शिरतच नव्हतं.

पुण्याहून :
‘व्यग्रता’ चालेल का? संस्कृतात एकाग्रच्या उलट व्यग्र. अग्र म्हणजे टोक. एका टोकावर स्थिर ते एकाग्र, टोकं पांगली ते व्यग्र.

परभणीहून :
अर्थ बरोबर, पण आता उपयोग नाही. ‘साहेब कामात व्यग्र आहेत’ म्हणजे साहेब भेटणार नाहीत. विक्षिप्तचंही तेच झालं. योगसूत्रांवरच्या व्यासभाष्यात चित्ताच्या पाच भूमी सांगितल्यात: क्षिप्त, मूढ, विक्षिप्त, एकाग्र, निरुद्ध. तिथलं विक्षिप्त चित्त अधूनमधून तरी ठरतं, म्हणजे आपल्या बहुतेकांपेक्षा बरंच म्हणायचं. मराठीत मात्र विक्षिप्त म्हणजे उन्हाळ्यात स्वेटर घालून फिरणारे काका.

उदगीरहून :
आमच्या भागात दख्खनीचा शेजार, म्हणून दोन शब्द. निजामाचं राज्य १९४८ साली गेलं, बोली राहिली. ‘लई परेशान हाव’ हे आमच्याकडं उठता-बसता ऐकाल. फारसीत परेशान म्हणजे मुळात विखुरलेलं. मोकळे सुटलेले केसही परेशान. म्हणजे पुण्याच्या व्यग्रचा सख्खा भाऊच की! आणि हैराण अरबीतून आलाय, तिकडं अर्थ चकित, दिङ्मूढ. आपण तो उन्हाला, डासांना आणि लाइट जाण्याला लावून टाकला. दोन्ही शब्द घरचे झालेत, पण तुमच्या कामाचे नाहीत. परेशान म्हटलं की लोक विचारतात, कर्ज किती?

‘ध्यान’ बघा की. शहरात लक्ष म्हणतात, आम्ही ध्यान. ‘ध्यान कुठंय तुझं?’ एवढं म्हटलं की पोरगं दचकून पाटीकडं बघतं. अर्थात ‘काय ध्यान आहे!’ हेही आम्हीच म्हणतो, तेव्हा तो शब्दही एकटा सोडू नका.

प्रश्न विचारणारी :
मग ‘चित्त थाऱ्यावर नसणं’?

परभणीहून :
हे घ्या, डोळे मिटून घ्या. पावसात गुराला थारा लागतो, तसा चित्ताला लागतो. माणूस चुकीचा नाही, त्याचं चित्त तेवढं बाहेर राहिलंय. आणि हाच अर्थ असलेलं ‘डोकं ठिकाणावर आहे का?’ मात्र भांडणात वापरून वापरून शिवी झालंय. ते अजिबात नको.

प्रश्न विचारणारी :
ठरलं. मथळ्यात ‘ब्रेन फॉग’च ठेवते, डॉक्टर तोच शब्द वापरतात. खाली ओळ अशी: ‘काही सुचत नाही, सुधरत नाही, चित्त थाऱ्यावर राहत नाही.’

परभणीहून :
‘सुधरंना’ नाहीतर ‘सुधरेना’ छापा. ‘सुधरत नाही’ छापलंत तर पुन्हा गोळ्या बदलतील.