घरात ठेवायला कोणता पाम घ्यावा? उजेड कमी, घरात मांजर

नमस्कार मंडळी, बसायच्या खोलीतल्या रिकाम्या कोपऱ्यासाठी पाम घ्यायचा आहे. या वेळी विचारूनच घेणार.

आधीचा अरेका पाम दीड वर्ष टिकला. पानांची टोकं तपकिरी पडायला लागली, तेव्हा पाणी कमी पडतंय असं समजून मी रोज घालत राहिले. मग अख्ख्या झावळ्या पिवळ्या पडल्या. शेवटी कुंडीतून काढला तर मुळं काळी, मऊ, कुबट वास येणारी. त्याआधी खालून फुटवे येतील म्हणून तीन दांडे वरून छाटलेही होते. पामाच्या प्रत्येक दांड्याला वाढीचा कोंब एकच, तोही शेंड्यात. तो कापला की दांडा संपतो, हे नंतर समजलं. त्या झाडाचं अजून वाईट वाटतं.

जागा खिडकीपासून सात-आठ फुटांवर आहे. ऊन थेट येत नाही, पण दिवसा दिवा न लावता वाचता येतं. मांजर पानं चावतं, त्यामुळे सागो पाम बाद. तो खरा पाम नाहीच, सायकस नावाच्या वेगळ्याच गटातलं झाड आहे, आणि मांजर-कुत्र्यांना जिवावर बेतेल इतका विषारी. फिशटेलही नको, त्याच्या रसाने खाज सुटते.

राहिले केंटिया, चॅमेडोरिया आणि ऱ्हापिस. मला उंची हवी आहे, निदान पाच फूट. केंटिया मनात भरलाय, पण तो फार सावकाश वाढतो म्हणतात. लहान रोप घेऊन वाट पाहावी का? आणि पाण्याचा अंदाज तुम्ही कसा घेता?

प्रतिसाद

पाच फूट हवे असतील तर केंटियाच घ्या, पण तेवढाच उंच घ्या. लहान रोप घरात वर्षाला जेमतेम एक-दोन नवी पानं काढतं, कोपरा भरेपर्यंत बरीच वर्षं जातील. मोठं झाड परवडत नसेल तर चॅमेडोरिया स्टुलावर ठेवा. तो मूळचा मेक्सिको-ग्वाटेमालाच्या जंगलातला, मोठ्या झाडांच्या सावलीत वाढणारा, त्यामुळे तुमचा उजेड त्याला चालेल. त्याच्या एका कुंडीत बरीच रोपं दाटीने लावलेली असतात, ती सुटी करू नका, मुळं दुखावतात. ऱ्हापिसही तग धरेल, पण तोही सावकाशच. तिन्ही मांजरासाठी सुरक्षित आहेत.

पाण्यासाठी बोट दोन पेरं मातीत खुपसा. आत ओल लागली तर थांबा. घालाल तेव्हा खालच्या भोकातून वाहीपर्यंत घाला आणि ताटलीत साचलेलं ओतून द्या. थंडीत माती उशिरा सुकते, तेव्हा अंतर वाढवा.

टोकं तपकिरी पडली म्हणजे पाणी कमीच, असं नाही. कोरडी हवा, पाण्यातले क्षार, जास्त खत, कुजलेली मुळं, कशानेही ती जळतात. आणि घेताना पानं उलटून बघा. बारीक जाळं आणि फिकट ठिपके दिसले तर ती लाल कोळी नावाची कीड, ते झाड घरी आणू नका.

धागाकर्ती

मनापासून आभार. मोठाच केंटिया बघते. एक राहिलं: आणल्या आणल्या कुंडी बदलू का?

प्रतिसाद

नको. पामाला मुळं हलवलेली आवडत नाहीत. आधी घरात रुळू द्या, मुळं भोकातून बाहेर डोकावायला लागली की उन्हाळ्याच्या तोंडावर एकच माप मोठी कुंडी द्या.